बोट दाखवल्याने भोपळा गळतो का?



आपल्या गावात भोपळ्याचा वेल माहीत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. कुणाचा वेल गोठ्याच्या छपरावर चढलेला असतो, कुणाचा उकिरड्याच्या कडेला पसरलेला असतो. पाऊस लागला की तो भराभर वाढतो. मग पिवळीधमक फुले येतात. एखाद्या फुलामागे लिंबाएवढा हिरवा भोपळा दिसतो. घरातली माणसे भाजीचे बेत करू लागतात. आणि चार दिवसांनी बघावे तर तो इवला भोपळा पिवळा पडून देठापासून गळून पडलेला असतो.

असे झाले की घरात पहिला प्रश्न ठरलेला. "बोट कुणी दाखवलं?"

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी असेच झाले. माझी धाकटी बहीण तेव्हा पहिलीत होती. तिने भोपळ्याची कळी बघितली आणि आनंदाने बोट दाखवून सगळ्यांना हाका मारल्या. आजी म्हणाली, "अगं, कोवळ्या कळीला सरळ बोट दाखवू नये, सडते ती. बोट वाकवून दाखवावं." तीन दिवसांनी ती कळी गळाली. पुढच्या आठवड्यात आणखी दोन गळाल्या. सगळा दोष बहिणीवर आला. त्यानंतर ती वेलाकडे जाईनाशी झाली. परसात जाताना हात पाठीमागे बांधून जायची.

मला वाईट वाटले. मी शाळेत गुरुजींना विचारले, "गुरुजी, बोट दाखवल्यानं भोपळा खरंच गळतो का?" गुरुजी म्हणाले, "मी नाही म्हटलं तर तू माझं ऐकशील, आणि आजी हो म्हणाली तर आजीचं. त्यापेक्षा आपण वेलालाच विचारू या."

वेलाला कसे विचारले ते पुढे सांगतो. पण त्याआधी वेल कसा वाढतो आणि त्याला फळ कसे धरते हे समजून घेतले पाहिजे.

बी जागे होते

भोपळ्याची बी हातात घेतली तर ती मेलेली वाटते. ती खरे म्हणजे झोपलेली असते. तिच्या आत एक इवले रोप असते आणि त्या रोपाची शिदोरी म्हणून दोन जाड पांढरी दले असतात. आपण खारवलेली बी सोलून खातो तेव्हा ही शिदोरीच खातो.

बीला जागे व्हायला तीन गोष्टी लागतात : पाणी, हवा आणि ऊब. तिन्ही मिळाल्या की बी फुगते, टरफल उकलते आणि सर्वांत आधी मूळ बाहेर येते. बी उलटी पडो वा आडवी पडो, मूळ खालीच वळते आणि शेंडा वरच जातो.

भोपळ्याच्या रोपाची एक गंमत आहे. मूळ आणि खोड यांच्या सांध्यावर एका बाजूला लहानशी टाच फुटते. ती टाच टरफलाच्या खालच्या कडेला अडकते, टरफल दाबून धरते आणि वरची दोन दले त्यातून सुटून बाहेर येतात. आपण एका पायाने बूट दाबून दुसरा पाय ओढून काढतो ना, तसेच हे. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० साली छापलेल्या पुस्तकात या टाचेचे वर्णन केलेले आहे. कधी कधी रोपाच्या डोक्यावर टरफलाची टोपी तशीच राहते. त्या वेळी टाच नीट अडकलेली नसते असे समजावे.

वेल मोठा होतो तो कशावर?

वेल माती खाऊन मोठा होतो असे पुष्कळांना वाटते. मलाही वाटायचे. पण चारशे वर्षांपूर्वी बेल्जियममध्ये व्हॅन हेल्माँट नावाच्या गृहस्थांनी एक प्रयोग केला. त्यांनी मोठ्या कुंडीत २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलो, वाळवलेली माती घेतली. तिच्यात ५ पौंड वजनाचे वाळुंजाचे रोप लावले आणि पाच वर्षे फक्त पाणी घातले. पाच वर्षांनी झाडाचे वजन १६९ पौंड, म्हणजे सुमारे ७७ किलो भरले. माती वाळवून पुन्हा तोलली, तर ती किती कमी झाली असेल? फक्त २ औंस, म्हणजे साठ ग्रॅमसुद्धा नाही! हा प्रयोग त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ साली छापून आला.

हेल्माँट यांना वाटले की सगळे झाड पाण्याचेच झाले. ते अर्धेच खरे होते. झाडाला उरलेला माल हवेतून मिळतो. पानाच्या पाठीवर डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. त्यांतून कार्बन डाय-ऑक्साइड वायू आत जातो. मुळांकडून पाणी येते. पानातले हिरवे द्रव्य सूर्याच्या उजेडाच्या जोरावर या दोन्हींपासून साखर तयार करते. म्हणजे हिरवे पान ही झाडाची चूल आणि ऊन हे तिचे जळण. हे काम झाडाच्या हिरव्या भागातच आणि उजेड असतानाच चालते, हे इंगेनहाउझ या डच डॉक्टरांनी १७७९ साली दाखवून दिले.

मग शेणखत कशाला घालायचे? तर मातीतले क्षार झाडाला थोडेच लागतात, पण लागतातच. भाजीत मीठ किती असते? चिमूटभर. पण त्याच्यावाचून भाजी घशाखाली उतरत नाही, तसेच हे समजा.

वेलाची लांबी शेंड्याकडून वाढते. म्हणून शेंडा खुडला की तो बाजूने फुटतो. जमिनीवर पसरलेला वेल पेराला माती लागली की तिथेही मुळ्या सोडतो आणि जागोजाग पाणी पितो. आणि ज्या बारीक ताण्यांनी तो मांडवाला पकडतो, ते ताणे स्प्रिंगसारखे वळलेले असतात. त्यामुळे वारा आला तरी वेल तुटत नाही, नुसता झुलतो.

फुले दोन तऱ्हेची

आता मुख्य मुद्दा. भोपळ्याची फुले लांबून सारखी दिसतात, पण ती दोन तऱ्हेची असतात. शेजारी चिकटवलेले चित्र पाहा.

नरफूल लांब, बारीक देठावर उभे असते. त्याच्या मागे कळी नसते. आत मधोमध पिवळी दांडी असते. तिला बोट लावले तर बोटाला पिवळी पूड लागते. ती पूड म्हणजे पराग.

मादीफूल आखूड, जाड देठावर असते. फुलाच्या मागे इवला भोपळा असतो, त्यावरून ते लगेच ओळखता येते. आत तीन जाड गोंडे असतात आणि प्रत्येकाचे पुन्हा दोन भाग झालेले दिसतात. हे गोंडे चिकट असतात. त्यांना कुक्षी म्हणतात.

इथेच आपण सगळे फसतो. फुलामागचा तो इवला भोपळा पाहून आपल्याला वाटते की फळ धरले. पण ते अजून फळ नसते, ती फळाची नुसती तयारी असते. आत बीजांडे असतात, पण ती रिकाम्या पाटीसारखी. नरफुलातला पराग कुक्षीवर पडला पाहिजे. मग परागाच्या कणातून एक बारीक नळी फुटते, ती खाली उतरत उतरत बीजांडापर्यंत पोहोचते आणि तिथे बी तयार होऊ लागते. एका बीला परागाचा एक कण लागतो. पिकलेल्या भोपळ्यात शे-दोनशे, कधी त्याहूनही जास्त बिया निघतात. म्हणजे तेवढे कण तरी पोहोचलेच पाहिजेत. थोडेच पोहोचले तर भोपळा एका बाजूने खुरटतो, वाकडा होतो. मुळीच पोहोचले नाहीत तर वेल त्या कळीला पोसत बसत नाही. ती पिवळी पडते आणि गळते.

मित्रांनो, भोपळ्याची कळी गळण्याचे एक मोठे कारण हे आहे.

फुलांतही नर आणि मादी असतात हे लोकांना पूर्वी नीट ठाऊक नव्हते. जर्मनीतल्या कामेरारियुस नावाच्या प्राध्यापकांनी एरंडाची नरफुले आधीच खुडून पाहिली, तर एरंडाला बी धरले नाही. आपले हे प्रयोग त्यांनी १६९४ साली प्रसिद्ध केले. पपईचे तर झाडच नर किंवा मादी असते. नर पपईला नुसती फुलांची तोरणे लागतात, हे आपण बांधावर पाहतोच.

पराग नेतो कोण?

ज्वारीचा आणि मक्याचा पराग वाऱ्याने उडतो. भोपळ्याचा पराग जड आणि चिकट असतो, तो वाऱ्याने जात नाही. त्याला गडी लागतो. हा गडी म्हणजे मधमाशी. ती मधासाठी नरफुलात शिरते, अंगाला पूड माखून घेते आणि तशीच मादीफुलात जाते. मजुरी मधाची, काम परागाचे!

पण या कामाला वेळ फार थोडा असतो. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपार व्हायच्या आत मिटते. पुन्हा ते उघडत नाही. एका फुलाला एकच सकाळ! त्या सकाळी झड लागली आणि माश्या बाहेरच पडल्या नाहीत, किंवा कुणी सकाळीच औषध फवारले आणि माश्या मेल्या, तर त्या दिवसाच्या सगळ्या कळ्या वाया गेल्या.

दुधी भोपळ्याचे उलटे आहे. त्याचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते आणि रात्री पाकोळ्या येऊन त्याचे काम करतात. दोडक्याचे फूलही दिवस कलल्यावरच उघडते. ज्याची त्याची वेळ ठरलेली आहे.

आम्ही केलेला प्रयोग

आता वेलाला कसे विचारले ते सांगतो. शाळेच्या परसबागेत भोपळ्याचे दोन वेल होते. उद्या उमलणारी कळी आदल्या संध्याकाळी ओळखू येते, तिचे टोक पिवळसर होते. अशा सहा मादीकळ्या आम्ही निवडल्या. त्या एकाच दिवशी तयार नव्हत्या, म्हणून चार-पाच दिवस लागले. प्रत्येक कळीवर संध्याकाळी जुन्या धोतराच्या फडक्याची पिशवी बांधली, म्हणजे माशी शिरायला नको.

सहांपैकी तीन फुलांची पिशवी सकाळी सोडली. ताजे नरफूल तोडून त्याच्या पाकळ्या काढल्या आणि पिवळी दांडी मादीफुलाच्या तिन्ही गोंड्यांवर हळूच फिरवली. मग गुरुजी म्हणाले, "आता सगळ्यांनी या फुलाला बोट दाखवा." आम्ही सगळ्या वर्गाने एकदम सरळ बोट दाखवले. काही जणांनी दोन्ही हातांची दाखवली. मग पिशवी पुन्हा बांधून टाकली.

उरलेल्या तीन फुलांना पराग लावला नाही. त्यांच्याकडे बोट दाखवायलाही सक्त मनाई होती.

आठवड्याने पाहिले. ज्यांना कुणीही बोट दाखवले नव्हते, त्या तिन्ही कळ्या पिवळ्या पडून गळाल्या होत्या. ज्यांना सगळ्या वर्गाने बोट दाखवले होते, त्यांतल्या दोन पेरूएवढ्या झाल्या होत्या. तिसरी मात्र सडली. ती चिरून पाहिली तर आत बारीक अळ्या निघाल्या. पिशवी काढल्यावर फळमाशीने अंडी घातली असणार, असे गुरुजींनी सांगितले. आमच्यातला एक जण म्हणाला, "गुरुजी, ही लिहायची नाही का?" गुरुजी म्हणाले, "लिहायची. जे झालं ते सगळं लिहायचं."

म्हणून इथे तेही लिहिले आहे. कळी गळण्याला पराग न मिळणे हे एकच कारण नाही. फळमाशी, पाण्याची ओढ, एका वेलावर फार फळे, ही कारणेसुद्धा आहेत. पण बोट हे कारण नाही, एवढे आमच्या प्रयोगात दिसले.

बारा वर्षांच्या मुलाची गोष्ट

हाताने पराग लावणे म्हणजे पोरखेळ, असे कुणाला वाटेल. म्हणून एक खरी गोष्ट सांगतो.

व्हॅनिला हा मूळचा मेक्सिकोकडचा वेल. त्याच्या शेंगांना सुंदर वास असतो. तो वेल हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर नेऊन लावला. वेल वाढला, फुलला, पण शेंगा धरेनात. तिकडच्या माश्या इकडे नव्हत्या. १८४१ साली त्या बेटावर एदमाँ नावाचा बारा वर्षांचा मुलगा होता. तो गुलाम होता. त्याने फूल नीट न्याहाळले. काडीने फुलातला पातळ पडदा वर उचलला आणि अंगठ्याने पराग कुक्षीवर दाबला. शेंग धरली! मग मळ्यामळ्यांतून त्याला हे शिकवायला नेऊ लागले. आजही व्हॅनिला पिकवताना जगभर बहुतेक ठिकाणी अशीच एकेका फुलाला हाताने पराग लावण्याची पद्धत आहे. १८४८ साली तिथली गुलामगिरी बंद झाली, तेव्हा त्याला आल्बियस हे आडनाव मिळाले. पण त्याच्या शोधातून इतरांनी पैसा केला आणि तो मात्र १८८० साली गरिबीतच वारला.

तो आमच्याएवढाच होता. त्याच्याजवळ होते काय? डोळे, अंगठा आणि एक काडी.

बीवाचून वाढणारी झाडे

सगळीच झाडे बीपासून लावतात असे नाही. उसाच्या कांडीवर डोळा असतो, तो फुटून नवा ऊस येतो. केळीच्या बुडाशी मुनवे फुटतात. बटाट्याला डोळे असतात, हळद आणि आले कंदापासून लावतात, शेवग्याची फांदी रोवली तरी लागते. पानफुटीचे तर नुसते पान ओल्या मातीवर ठेवले की कडेने रोपे फुटतात.

यात एक फरक लक्षात ठेवा. कांडीपासून आलेला ऊस अगदी आपल्या मूळ उसासारखा असतो. पण बीमध्ये नर आणि मादी दोन्हींचे गुण उतरतात. मादीफूल आपल्या वेलाचे आणि पराग शेजारच्या वेलाचा, असे झाले तर आजचा भोपळा नेहमीसारखाच होईल, पण त्याचे बी पुढच्या वर्षी पेरल्यावर काही वेल वेगळे निघतील. विकतच्या संकरित बियाण्याच्या फळातले बी धरले तरी पुढे तेच गुण येतील असे नाही.

म्हणून बी राखणे हे मोठे काम आहे. आपल्या महाराष्ट्रात अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचे बी गोळा करून जपले. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांना २०२० सालचा पद्मश्री किताब मिळाला आणि लोक त्यांना बीजमाता म्हणतात.

घरी एवढे करावे

१. नरफुलांना वांझ फुले म्हणून सगळी खुडू नयेत. भजी करायची तर दुपारी, फुले मिटल्यावर खुडावीत आणि उद्यासाठी काही कळ्या ठेवाव्यात.

२. भोपळा, काकडी, कारले यांवर सकाळी फवारणी करू नये. करावीच लागली तर दिवस मावळताना करावी. दुधी आणि दोडक्याची फुले मात्र त्याच वेळी उघडतात, तेव्हा तिथे फुलांवर औषध जाऊ देऊ नये.

३. कळ्या गळत असतील तर पहाटे उठून हाताने पराग लावून पाहावा. एक नरफूल दोन-तीन मादीफुलांना पुरते.

४. बी धरायचे तर वेलावर पूर्ण पिकलेल्या, चांगल्या वाणाच्या भोपळ्याचे धरावे. कडू निघालेल्या भोपळ्याचे बी धरू नये आणि तो खाऊही नये, कडू दुधी तर मुळीच नाही. त्याने विषबाधा होते.

शेवटी

प्रयोगातल्या दोन भोपळ्यांपैकी एक पिकल्यावर गुरुजींनी मला घरी न्यायला दिला. मी आजीला सगळे सांगितले आणि वहीतली नोंद वाचून दाखवली. आजीने भोपळा फिरवून फिरवून पाहिला. मग म्हणाली, "आमची आजी सांगायची तसंच मी सांगितलं. पोरं बोट दाखवत दाखवत हात लावतात अन् कळीला नख लागतं, म्हणून सांगत असतील." थोड्या वेळाने तिने बहिणीला जवळ बोलावले आणि म्हणाली, "उगाच रागावले गं मी तुला."

त्या भोपळ्याची भाजी आजीनेच केली. बी तिने धुऊन, सावलीत वाळवून, राखेत घोळवून मडक्यात ठेवले. ते कसे ठेवायचे हे गुरुजींनाही आजीकडूनच कळले.

या पावसाळ्यात ते बी बहिणीने पेरले. आता ती रोज पहाटे उठते, नरफूल तोडते आणि मादीफुलाला पराग लावते. आणि कळी दिसली की सरळ बोट दाखवून सगळ्यांना हाका मारते.

करून पाहा, सांगा :

१. तुमच्या वेलावर आज सकाळी नरफुले किती आणि मादीफुले किती होती? आठ दिवस मोजून वहीत लिहा.

२. भुईमुगाचे फूल जमिनीच्या वर येते, मग शेंग मातीत कशी जाते? आऱ्या सुटल्यावर एक झाड हळूच उपटून पाहा.

३. आघाडा, रुई आणि तेरडा यांचे बी दूर कसे जाते? प्रत्येकाचे बी आणून या लेखाखाली चिकटवा.